वाचक विचारतात : सपोर्ट नक्की कुठून द्यायचा?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की इंग्रजी बोलताना आपण 'सपोर्ट' या एकाच शब्दावर सगळा संसार रेटतो आणि त्याच्या घरातले बाकीचे वीस-पंचवीस शब्द नुसते डिक्शनरीत बसून असतात. झालं, पत्रांचा आणि मेलचा ढीग लागला. सगळे घेणं शक्य नाही, जे घेतलेत त्यातलेही काही प्रश्न मी थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, परदेशातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. मी लगेच मेल टाकला, 'आय सपोर्ट यू इन युअर फादर्स डेथ'. टीममधली मैत्रीण वाचून आधी गप्प झाली आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. चुकलं काय ते कोणी नीट सांगत नाहीये.

हसू नये असं म्हणणार होते पण मीही हसलेच, सॉरी. तुमच्या मनात होतं 'या दुःखात मी तुमच्यासोबत आहे', आणि मराठीत सोबत, साथ, आधार, पाठिंबा हे शब्द आपण घाईत एकमेकांच्या जागी सरकवतो त्यामुळे घोळ लक्षात येत नाही. इंग्रजी सपोर्टला मात्र दोन तोंडं आहेत, एक आधाराचं, एक पाठिंब्याचं. समोर कोसळत असलेला माणूस असेल तर आधार, पण वाक्यात एखादा निर्णय, मत किंवा घटना आली की तो शब्द पाठिंब्याकडे झुकायला लागतो. तुमच्या वाक्यात 'डेथ' येऊन बसली आणि वाचणाऱ्याच्या कानावर काय आलं, तर वडिलांच्या जाण्याला माझा पाठिंबा आहे, ठराव मंजूर.

अशा वेळी सपोर्ट शब्दाच्या वाटेलाच जाऊ नका. 'आय ॲम सो सॉरी अबाउट युअर फादर' एवढं साधं वाक्य पुरतं, आणि पुढे 'आय ॲम हिअर इफ यू नीड एनीथिंग' म्हणण्यापेक्षा नक्की काय कराल ते लिहा, 'आय कॅन टेक युअर कॉल्स धिस वीक' वगैरे, ते जास्त खरं वाटतं. सहकाऱ्याला मेल गेलाच असेल तर परत खुलासा पाठवू नका, त्याला भाव कळला असणार.

आणि उलट दिशेनेही असेच अपघात होतात बरं का. इंग्रजीत 'शोल्डर टू क्राय ऑन' म्हणतात, म्हणजे ज्याच्यापाशी मन मोकळं करावं असा माणूस. एका अनुवादाचं प्रूफ तपासत होते, त्यात नायक आजारी मैत्रिणीला म्हणतो, 'तुला कधीही खांदा द्यायला मी तयार आहे.' मी लाल पेन काढलं आणि पाच मिनिटं हसत बसले.

प्रश्न : मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. जुन्या कादंबरीतल्या एका उताऱ्यात 'इनसपोर्टेबल' शब्द आला. मुलांनी अर्थ लावला, ज्याला पाठिंबा देता येणार नाही असा. खरा अर्थ असह्य. मला सांगता आलं, पण का ते समजावता आलं नाही.

मुलं फार चुकलेली नाहीत हो, आणि हा प्रश्न माझा आवडता, त्यामुळे जरा जास्त बोलणार आहे.

सपोर्ट लॅटिनमधून आला. 'सब' म्हणजे खाली आणि 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणं. स्टेशनावरचा पोर्टर, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल सगळे याच पोर्टारेची पोरं. तर सपोर्ट म्हणजे खाली राहून वाहणं. आता डोळ्यासमोर आणा की एक माणूस डोक्यावर काहीतरी जड घेऊन उभा आहे, इथे दोन गोष्टी एकदम घडतायत, वरची वस्तू पडत नाहीये आणि खालच्याच्या मानेला कळ लागलीये. इंग्रजीने पूर्वी दोन्ही अर्थ या एकाच शब्दात ठेवले होते, वरच्याच्या बाजूने बघितलं तर आधार आणि खालच्याच्या बाजूने बघितलं तर सोसणं. पुढे रोजच्या सपोर्टमधून दुसरा अर्थ मागे पडत गेला पण इनसपोर्टेबलमधे तो अजून अडकून आहे, म्हणजे जे पेलवतच नाही ते. फ्रेंचने तर तोच अर्थ धरून ठेवला, फ्रेंच माणूस 'मी याला सपोर्ट करत नाही' अशा धाटणीचं काही बोलला तर राजकारण नसतं त्यात, त्याला तो माणूस डोळ्यासमोर नको असतो.

आता गंमत बघा, 'सफर' हा इंग्रजी शब्द (प्रवासातली सफर नव्हे, दुःख भोगण्यातली) अगदी याच साच्यातून निघालाय. सब म्हणजे खाली, आणि फेरे म्हणजे वाहणं. म्हणजे सपोर्ट करणारा आणि सफर करणारा, दोघंही शब्दशः खालून ओझं वाहणारेच. घरात आजारी माणसाचं करणाऱ्या कुणालाही हे विचारा, व्युत्पत्ती न शिकता पटेल.

आणि हा फेरे आपल्याला अजिबात परका नाही. संस्कृतमधला 'भृ' धातू, ज्याच्यापासून भार, भरण-पोषण, भर्ता, भार्या हे शब्द आले, तो आणि लॅटिनचा फेरे आणि इंग्रजीचा 'बेअर' ही एकाच मुळाची भावंडं. म्हणून बेअर म्हणजे वजन पेलणं आणि दुःख सोसणंही. लोड-बेअरिंग भिंत, 'आय कान्ट बेअर इट', यंत्रातलं बॉल बेअरिंग, सगळीकडे कुणीतरी काहीतरी पेलतंयच. भर्ता म्हणजे पोसणारा आणि भार्या म्हणजे जिला पोसायचं ती, या जोडीबद्दल माझी मतं आहेत पण ती दुसऱ्या सदरात.

टॉलरेटचंही तेच. त्यातल्या मूळ धातूचा अर्थ उचलणं, आणि त्याच मुळातून आपली तुला आली, तोलणं आलं. आपण म्हणतोच की, 'हे मला तोलवत नाही, पेलवत नाही.'

सस्टेन मात्र वाहण्याचा नाही, धरण्याचा शब्द. सब आणि टेनेरे, खालून धरून ठेवणं. टेनेरेचं मूळ ताणण्यात आहे, आपल्या 'तन्' धातूचा तो नातेवाईक, ज्याच्यापासून तंतू आला. त्यामुळे सस्टेनमधे नेहमी वेळ असतो, काहीतरी सोडून न देता धरून ठेवणं. पियानोचं सस्टेन पेडल दाबलं की सूर लांबतो. कोर्टात जज 'सस्टेन्ड' म्हणाले तर वकिलाची हरकत टिकली. आणि बातमीत 'ही सस्टेन्ड इन्ज्युरीज' आलं तर त्याने जखमा सांभाळून ठेवल्या नाहीत, त्याला जखमा झाल्या, परत तेच सोसणं. वर्गात हे एकच वाक्य फळ्यावर लिहा, मुलांना इनसपोर्टेबल आपोआप कळेल.

प्रश्न : सपोर्ट टू की सपोर्ट फॉर? आणि सपोर्ट्स असं अनेकवचन चालतं का?

योजना, मत, उमेदवार यांना पाठिंबा असेल तर सपोर्ट फॉर. वाक्यात गिव्ह, लेंड, प्रोव्हाइड असं देण्याचं क्रियापद असेल तर ज्याला देताय त्याच्याआधी टू येऊ शकतो. क्रियापद म्हणून वापरलं तर मधे काहीच नको, 'आय सपोर्ट टू यू' हे आपलं घरगुती उत्पादन आहे, बंद करा. अनेकवचन फक्त हाताला लागणाऱ्या गोष्टींचं, पुलाचे खांब, शेल्फचे ब्रॅकेट. भावनिक आधाराचे नग मोजत नाहीत.

प्रश्न : चेकच्या मागे सही करणं म्हणजे एन्डोर्स, आणि खेळाडू शाम्पूची जाहिरात करतो तेही एन्डोर्स. या दोघांचा संबंध काय? मी बँकेतून रिटायर झालोय, आयुष्यभर शब्द वापरला, कधी विचार केला नाही.

साहेब, संबंध पाठीचा आहे. लॅटिनमधे 'डॉर्सम' म्हणजे पाठ, शार्कच्या पाठीवरच्या पराला डॉर्सल फिन म्हणतात त्यातलाच. एन्डोर्स म्हणजे कागदाच्या पाठीवर लिहिणं. तुम्ही आयुष्यभर अर्थ अगदी अक्षरशः वापरलात, खेळाडूवालं त्याचं पुढचं रूप, मागे सही केली म्हणजे जबाबदारी घेतली, जबाबदारी घेतली म्हणजे शिफारस केली. मात्र ब्रिटनमधे कुणी म्हणालं की माझं ड्रायव्हिंग लायसन्स एन्डोर्स झालं तर अभिनंदन करू नका, त्याच्यावर वाहतुकीच्या गुन्ह्याची नोंद झालेली असते.

तुमच्या प्रश्नामुळे मला जे म्हणायचं होतं त्याला वाट मिळाली. आधाराचा कुठलाही इंग्रजी शब्द वापरण्याआधी तो आधार कुठल्या बाजूने येतोय ते बघायचं, मी तरी तसंच करते. सपोर्ट, सस्टेन, अंडरपिन हे खालून. एन्डोर्स, बॅक, बॅकिंग हे मागून. आपल्याकडेही पाठिंबा, पाठबळ, पाठराखण सगळे पाठीवरच उभे आहेत, म्हणून पाठिंब्याला बॅकिंग जितकं नेमकं बसतं तितकं सपोर्ट बसत नाही. (पाठपुरावा मात्र यात नाही, तो फॉलो-अप आहे, मदत करणाऱ्याच्याच मागे लागणं.)

मागून येणाऱ्यांतला अजून एक म्हणजे सेकंड. सभेत एकजण ठराव मांडतो, दुसरा 'आय सेकंड इट' म्हणतो, म्हणजे अनुमोदन. लोकांना वाटतं नंबर दोन म्हणून सेकंड, पण मुळात तो शब्दच 'मागोमाग येणारा' असा आहे, नंबर नंतर चिकटला. द्वंद्वयुद्धात लढणाऱ्याबरोबर जो विश्वासू माणूस जायचा त्यालाही सेकंडच म्हणत. आणि सबसिडी! रोमन लष्करात मागे राखून बसवलेल्या तुकडीला 'सबसिडियम' म्हणत, पुढची फळी ढासळली की ती उठायची. सबसिडीतला 'सिड' म्हणजे बसणं. अनुदान येईपर्यंत आपण बसून असतो तो भाग वेगळा.

बाजूने येणारे कमी आहेत. असिस्ट म्हणजे शेजारी उभं राहणं, साइड विथ म्हणजे बाजू घेणं. स्टँड बायपासून मात्र सांभाळून, तो दुतोंडी आहे. 'शी स्टुड बाय हिम' म्हणजे ती त्याच्या पाठीशी उभी राहिली (बघा, आपण पाठीशी, ते शेजारी), आणि 'शी स्टुड बाय अँड डिड नथिंग' म्हणजे नुसती बघत राहिली. बायस्टँडर या दुसऱ्या अर्थातून आलाय.

प्रश्न : वरून आधार देणारा शब्द असतो का? नवऱ्याशी पैज लागलीये.

असतो, जिंकलात. खरं म्हणजे तुम्ही तो रोज वापरता, डिपेंड. त्यातला 'पेंड' म्हणजे लोंबकळणं, पेंडंट, पेंड्युलम तिथलेच. डिपेंड म्हणजे वरच्या कशालातरी धरून खाली लोंबणं. आणि आता आपला शब्द घ्या, अवलंबून. अव म्हणजे खाली, लंब म्हणजे लोंबणं. दोन भाषांनी एकच चित्र काढलंय आणि दोन्हीकडे लोक विसरले. फरक एवढाच की डिपेंड आणि अवलंबून हे लोंबणाऱ्याचे शब्द आहेत, धरणाऱ्याचे नाहीत. वरून धरणाऱ्याचा शब्द सस्पेंड, सस्पेन्शन ब्रिज वरच्या केबलना टांगलेला असतो. नोकरीतून सस्पेंड झालेला माणूस तसाच, काढलेलाही नाही ठेवलेलाही नाही, टांगलेला.

पैजेवर बोनस घ्या. अमेरिकेत पँट खांद्यावरून धरून ठेवणारे पट्टे म्हणजे सस्पेंडर्स. ब्रिटनमधे त्याच पट्ट्यांना ब्रेसेस म्हणतात, आणि तिथे सस्पेंडर्स म्हणजे बायकांचे लांब मोजे वर धरायचे पट्टे. नवऱ्याला लंडनमधे दुकानात जाऊन सस्पेंडर्स मागायला लावा.

ब्रेस मूळचा दोन हातांचा शब्द आहे, मिठी मारणारे हात, म्हणून एम्ब्रेस म्हणजे आलिंगन आणि हातातलं ते ब्रेसलेट. दातांचे ब्रेसेस, मोडक्या गुडघ्याचा ब्रेस, सगळे दोन बाजूंनी कवळून धरणारे. विमान आदळणार असेल तर क्रू ओरडतो 'ब्रेस, ब्रेस', म्हणजे स्वतःला आवळून धरा. वाईट बातमी सांगण्याआधी 'ब्रेस युअरसेल्फ' म्हणतात तेही हेच, मन घट्ट कर.

प्रश्न : मी बारावीत आहे. इंग्रजी निबंधात 'आई म्हणजे आमच्या घराचा आधार' असं लिहायचंय. थिसॉरसमधे प्रॉप, क्रच, बट्रेस, मेनस्टे, पिलर, बॅकबोन एवढे सापडले. सगळ्यात भारी कुठला?

भारी शोधू नकोस गं, बरोबर शोध. थिसॉरस हा शब्दांचा ढीग असतो, कुठला कुठे बसतो ते तो सांगत नाही.

क्रच तर आधी खोड. क्रच म्हणजे कुबडी, आणि मराठीत कुबड्या घेऊन चालणारं सरकार म्हटल्यावर जो टोमणा असतो तोच इंग्रजीतही असतो, ज्याच्याशिवाय चालता आलं पाहिजे पण येत नाही ते. आईला क्रच म्हणालीस तर घरात सगळे पांगळे आहेत असं होईल (खरं असेल कदाचित, पण निबंधात नको). प्रॉप म्हणजे टेकू, वेलीला लावतात तसा, तात्पुरता, कसातरी लावलेला. 'प्रॉप अप' तर जवळजवळ नेहमी पडायला आलेल्या गोष्टीसाठी वापरतात. नाटकातला प्रॉप यातला नाही हं, तो प्रॉपर्टीचं छोटं रूप.

बट्रेस मला फार आवडतो पण इथे नाही चालणार. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा बाहेरून काढलेला फोटो बघ, भिंतीपासून लांब उभे राहून तिरक्या कमानींनी भिंतीला टेकलेले दगडी हात दिसतील, ते फ्लाइंग बट्रेस. आतलं दगडी छत इतकं जड की ते भिंतींना बाहेर ढकलत असतं, आणि हे बाहेरून परत आत ढकलतात, त्या दोन ढकलण्यांच्या मधे भिंत सरळ उभी. शब्दाचा अर्थही तोच, ढुशी देणारा, बोकड ढुशी मारतो त्या 'बट'चाच नातलग. म्हणून बट्रेस पुराव्यासाठी छान, एखादा मुद्दा आकड्यांनी बट्रेस करायचा.

पिलर आणि बॅकबोन चालतील पण इतके घासलेत की परीक्षकाचा डोळा त्यावरून घसरून जाईल. मी असते तर मेनस्टे घेतला असता. शिडाच्या जहाजावर मधली मोठी डोलकाठी असते ना, तिला पुढच्या बाजूने ताणून धरणारा जाड दोर म्हणजे मेनस्टे. लोक बघतात डोलकाठीकडे आणि फडफडणाऱ्या शिडाकडे, दोराकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण तो तुटला की डोलकाठीचं काही खरं नाही. आईबद्दल हे दोन ओळीत लिही, शब्द फेकून पुढे जाऊ नकोस.

प्रश्न : 'आय कान्ट हेल्प लाफिंग' म्हणजे हसायला मदत करू शकत नाही?

नाही, हसू आवरत नाहीये. इथे हेल्प म्हणजे टाळणं. 'आय कान्ट स्टँड हिम'मधे उभं राहणंही नसतं, तो माणूस सहन होत नाही. सगळं परत सोसण्यावरच येतं.

प्रश्न : चित्रकाराच्या त्या तिकाटण्याला ईझल का म्हणतात?

डच भाषेत 'एझल' म्हणजे गाढव. पाठीवर ओझं घेऊन निमूट उभं राहतं म्हणून. इंग्रजीत कपडे वाळत घालायच्या स्टँडला क्लोद्स-हॉर्स म्हणतात, सुताराच्या ठोकळ्याला सॉ-हॉर्स. आपल्याला हसायचा हक्क नाही, तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती आपली घोडीच.

प्रश्न : सिनेमातला 'सपोर्टिंग ॲक्टर' कोणाला सपोर्ट करतो?

कथेला आणि मुख्य नटाला, खालून. ऑस्करमधे सपोर्टिंगचे पुरस्कार 1937च्या समारंभापासून सुरू झाले आणि सुरुवातीची काही वर्षं त्यांना तो सोनेरी पुतळा नाही, नुसता फलक द्यायचे. खाली राहून वाहणाऱ्याला फलक, यावर अजून काय बोलू.

प्रश्न : मी सहावीत आहे. नकाशाच्या पुस्तकाला ॲटलस का म्हणतात? बाबा म्हणाले ॲटलसने पृथ्वी उचलली होती.

बाबांना सांग की ग्रीक गोष्टीतल्या ॲटलसने पृथ्वी नाही, आकाश उचललं होतं. देवांशी लढाईत हरला म्हणून त्याला शिक्षा मिळाली, आकाश खांद्यावर घेऊन उभा राहा. पुतळ्यांमधे तो मोठा गोल घेऊन दिसतो ना, तो आकाशाचा गोल, पण सगळ्यांना पृथ्वीच वाटते, त्यामुळे बाबांना फार चिडवू नकोस. नकाशांच्या संग्रहाला हे नाव मर्केटर नावाच्या नकाशे काढणाऱ्याने दिलं, ते पुस्तक 1595 साली आलं आणि मग तेच नाव रूढ झालं.

आता एक कर, मानेच्या मागे, कवटी जिथे संपते तिथे बोट लाव. तिथे आत खोलवर पाठीच्या कण्याचा सगळ्यात वरचा मणका आहे, डॉक्टर त्यालाही ॲटलसच म्हणतात. त्याच्यावर आकाश नाही, तुझं डोकं आहे. मोठ्या माणसाचं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, तुझं जरा कमी.